गजावरची तिसरी खूण

वश्या, तुझ्या तेराव्याला सगळे रडले, मी नाही रडले. तुमच्या सोसायटीतल्या खन्नाबाई माझ्या हातात पाण्याचा ग्लास देऊन म्हणाल्या, "दीदी, रो लीजिए, मन हल्का हो जाएगा." आता त्यांना काय सांगणार, की बाई गं, मला रडू येत नाहीये, मला राग आलाय. धाकट्या भावाने मोठ्या बहिणीच्या आधी जाणं हाच मुळात आगाऊपणा. तो एक वेळ माफ केला असता. पण दुसरं जे करून ठेवलंस ते मला तू गेल्यावर कळलं, आणि आता भांडायला समोर कोणी नाही.

म्हणून हे लिहितेय. आयुष्यभर तुझे सगळे अर्ज मी तपासून दिले, आता माझा एक अर्ज तू ऐकून घे.

जेवणं उरकली, पाहुणे लिफ्टने खाली गेले, तेव्हा मी शैलाला म्हटलं, "ते लोखंडी कपाट उघड बघू. बंदूक आणि लायसन्स एकदा नजरेखालून घालू दे. आता पुढचं मलाच करायचंय." तुझी बायको आत गेली. मग तिने किल्ली आणली. आत तुझे स्वेटर होते, तुझ्या लेकीची, मुक्ताची शाळेतली प्रगतिपुस्तकं होती, आणि जिथे बाबांची बंदूक आडवी असायची तिथे इस्त्रीचा बोर्ड ठेवलेला. मला वाटलं, हिने साफसफाईत कुठे हलवली असेल. मी म्हटलंसुद्धा तसं. शैलाने फाइल काढून माझ्या हातात दिली.

फाइलमध्ये अर्जाची प्रत. पोलीस ठाण्याचा शिक्का, खाली तुझी सही, दोन वर्षांपूर्वीची. शस्त्र स्वेच्छेने सरकारजमा करीत आहे, नष्ट करावे. आणि मग ते वाक्य: "परिवार में कोई भी इसे रखना नहीं चाहता." तीस वर्षं हिंदी अधिकारी म्हणून मी लोकांची वाक्यं सुधारली, वश्या. हे वाक्य मी तीनदा वाचलं. कोणीही ठेवू इच्छित नाही? मला विचारलं होतंस? मुलीच्या शाळेच्या फीमाफीपासून पाण्याच्या मीटरपर्यंत प्रत्येक अर्ज घेऊन माझ्याकडे धावत यायचास, "ताई, जरा बघून दे ना यार." हा एकच अर्ज तू मला दाखवला नाहीस. त्यात चार चुका आहेत, त्यावरूनच कळतं.

तुला काय वाटलं, मला त्या लोखंडाचं वेड होतं? अरे, आजोबांच्या घरातून दिल्लीला आलेली ती एकच वस्तू. आजऱ्याकडच्या शेतात रानडुकरं उतरायची, म्हणून त्यांना मिळालेली ती ठासणीची बंदूक. बाबा नोकरीला इथे आले आणि कागदपत्रांच्या ढीगभर फेऱ्या मारून तिला घेऊन आले. आर. के. पुरमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ती आईच्या शिलाई मशीनमागे उभी असायची. तू मोठेपणी तिला रायफल म्हणायला लागलास. नळीत आतून आटे आहेत, म्हणजे ती रायफल, हे तू मला शंभरदा ऐकवलंस. मी म्हणायचे, बाबा बंदूक म्हणायचे, म्हणजे बंदूकच. ते भांडण अजून मिटलेलं नाही, लक्षात ठेव.

आजऱ्याला उन्हाळ्याच्या सुटीत बाबांनी आपल्याला शिकवलं, ते आठवतं ना? मी चौदाची, तू अकराचा. आधी मापाने दारू, मग तुपाचा हात लावलेल्या चिंधीत शिशाची गोळी, मग तो लांब लाकडी गज नळीत घालून सगळं तळापर्यंत ठासायचं, आणि सगळ्यात शेवटी घोड्याखाली तांब्याची टोपी. हे चालू असताना तोंड उघडायचं नाही. तू मध्येच "बाबा, मुंगी चावली" म्हणालास, तर तुझ्या हातून गज काढून घेऊन बाबांनी तुला अर्धा तास चिंचेखाली बसवलं होतं. "ठासताना माणूस मुका," म्हणाले.

त्या गजावर त्यांनी चाकूने दोन खुणा केल्या होत्या. बंदूक रिकामी असली की गज पहिल्या खुणेपर्यंत आत जातो. एक बार भरलेला असला की तीन बोटं आधीच अडतो, तिथे दुसरी खूण. बंदूक हातात घेतली की आधी गज सोडून बघायचा, भरली की परत बघायचा. बाबा म्हणायचे, "माणूस विसरतो, गज विसरत नाही." पहिल्याच बाराला मी डालड्याचा डबा उडवला. तुझा बार कुठे गेला ते देवाला ठाऊक, पण खांद्याला दणका बसला म्हणून तू जे भोकाड पसरलंस! बाबा हसून म्हणाले, "नेम ताईचा, आवाज वसंताचा."

आणि तरीही बाबा गेल्यावर लायसन्स कोणाच्या नावावर, हा प्रश्न कोणाला पडलासुद्धा नाही. मुलगा आहे ना, मग झालं. ठाण्यातल्या मुन्शीने माझ्यापुढे कागद सरकवला: बाकी वारसांची हरकत नसल्याचं पत्र. मी पेन उचललं नाही. आई पदराने डोळे पुसत होती, मुन्शी घड्याळ बघत होता, आणि तू मला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेलास. दोन ब्रेडपकोडे खाल्लेस, तिसरा मागवलास, आणि म्हणालास, "ताई, नाव माझं, बंदूक तुझी. माझ्यानंतर तुझ्याच नावावर होणार. बाबांची शपथ." तेल लागलेल्या हाताने शपथ घेतलीस. मी आत जाऊन सही केली.

ती सही मला आज टोचतेय. तेव्हा मी हरकत घेतली नाही, म्हणून तू धरून चाललास की कधीच घेणार नाही.

पण मी खोटं बोलणार नाही, तू बरीच वर्षं शब्द पाळलास. थंडीतले रविवार! सकाळी सातला नोएडाहून निघायचास, मला द्वारकेहून उचलायचास, आणि हरियाणात सोहन्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी त्या रिटायर्ड सुभेदारसाहेबांच्या खासगी रेंजवर जायचो. माझी थालीपीठं, तुझा थर्मास. जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागे मी खडूने डुकरं काढून न्यायचे, कारण गोल गोल वर्तुळांवर बार टाकायला मला मजा येत नसे. तू म्हणायचास, "ताई, हे डुक्कर तुझ्या ऑफिसातल्या डायरेक्टरसारखं दिसतंय." गुरुग्रामची पोरं चकचकीत विलायती पिस्तुलं घेऊन यायची, आणि आपल्याला ठासताना बघून हसायची. "आंटी तोप लाई हैं!" मग धूर विरला की डुकराच्या नेमक्या कानामागे भोक दिसायचं, आणि पोरं गप्प. आमचे हे गेल्यापासून माझ्या आठवड्यात बोलायला माणूस असा तो एकच दिवस होता. गळ्यापर्यंत शाल, हाताला दारूचा वास, आणि परतताना तुझी ती बेसूर शिट्टी. मी तुला कधी सांगितलं नाही, पण शनिवारी मी केस धुऊन ठेवायचे.

निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा करायला आपण दोघं जायचो. मुन्शी तिला उलटसुलट करून विचारायचा, "चलती भी है, या सिर्फ़ खड़ी रहती है?" तू माझ्याकडे बोट दाखवायचास, "इनसे पूछिए, चलाती ये हैं." किती अभिमानाने म्हणायचास रे! मग त्याच ठाण्यात जाऊन "कोणालाच नको" असं लिहून द्यायला तुझा हात कसा धजावला?

आता तो शेवटचा रविवार. धुकं होतं. तू गाडीतच विषय काढला होतास, की ताई, आता एकटी राहू नकोस, नोएडाला आमच्याकडे ये, एक खोली रिकामीच आहे. मला तो विषय आवडत नाही हे तुला माहीत होतं. रेंजवर पोचलो तरी तो संपला नाही. माझ्या हातात बंदूक, आणि माझं तोंड चालू. "माझं घर आहे, माझी पेन्शन आहे, मी कोणाच्या खोलीत पडून राहणार नाही. तुझ्या बायकोला माझा चहासुद्धा आवडत नाही." बोलत होते आणि ठासत होते. मी टोपी चढवली, बंदूक खांद्याला लावणार, तेवढ्यात तू मागून येऊन नळी धरलीस. पांढराफटक पडला होतास. टोपी काढून खिशात टाकलीस आणि म्हणालास, "आज पुरे, ताई. दारू ओलसर वाटतेय."

मला इतका राग आला! मला वाटलं, मी ऐकलं नाही म्हणून याने बंदूक काढून घेतली, लहान मुलाच्या हातातला चेंडू काढून घेतात तशी. मी पाय आपटत गाडीत जाऊन बसले. तू पाऊण तासाने आलास, हात कोपरापर्यंत काळे, शर्ट ओला. मी विचारलंही नाही काय करत होतास. द्वारकेपर्यंत मी एक शब्द बोलले नाही आणि उतरताना दार आपटलं. तू थर्मास घेऊन मागे आलास, "ताई, चहा उरलाय." मी म्हटलं, "तूच पी."

त्यानंतर एकही रविवार झाला नाही. आधी तुझी कंबर. मग लायसन्सचं नूतनीकरण अडकलं. मग हवा. दिल्लीत काही टाळायचं असलं की हवेइतकं सोयीचं काही नाही, "ताई, प्रदूषण चारशेच्या वर गेलंय, अशात कुठे निघतेस?" मी मान डोलवायचे. दोन थंड्या गेल्या. नोएडाला राहायला ये, हेही तू परत कधी म्हणाला नाहीस. त्याऐवजी रोज सकाळी आठला तुझा फोन यायला लागला. "ताई, आज वार कोणता? गोळ्या घेतल्यास? काल जेवायला काय केलं होतंस?" मला वाटायचं, रिटायर झालाय, वेळ जात नाही. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे, आमचा वसंत रोज फोन करतो.

तर तेराव्याच्या दुपारी मी तो अर्ज हातात धरून तुझ्या बायकोवर जे तोंड सोडलं, ते खन्नाबाईंनी भिंतीपलीकडून ऐकलं असणार. मी म्हटलं, "शैला, तुला ती घरात नको होती. तूच त्याच्यामागे लागली असणार." शैलाने ऐकून घेतलं. मग उठली, देवघरामागून बाबांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. गज. "वन्सं, बंदूक दिली, पण हा त्यांनी परत आणला," म्हणाली. "ठाण्यात विचारलं, गज कुठे आहे, तर म्हणे हरवला. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसाशी खोटं बोललो म्हणाले."

मी गज उलगडला. बाबांच्या दोन खुणा काळ्या पडलेल्या. आणि दुसरीच्या खाली आणखी तीन बोटं सोडून तिसरी. ताजी, पांढरी, तुझ्या खिशातल्या छोट्या चाकूने केलेली. मी शैलाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वन्सं, त्या दिवशी तुम्ही बोलता बोलता दोनदा ठासली होती," ती म्हणाली. "दारू दोनदा, गोळी दोनदा. त्यांना गज फार वर आलेला दिसला. चाप ओढला असतात तर नळी फुटली असती, तुमच्या तोंडाशी. नळीत पाणी ओतून, एकटे बसून त्यांनी सगळं उपसून काढलं. घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत. मला शपथ घातली, ताईला कळता कामा नये. कळलं तर तिचा स्वतःवरचा भरवसा जाईल, मग ती एकटी कशी राहणार?"

हे ऐकून माझा राग जायला हवा होता ना? सगळ्यांना तसंच वाटतं. मुक्ताने मला मिठी मारली, म्हणाली, "आत्या, पापा ने आपको बचाया." बचाया, बिल्कुल बचाया. हे डोळे, हा चेहरा, हा लिहिणारा हात, सगळं तुझं देणं आहे. मान्य. त्या पाऊण तासात धुक्यात एकटा बसून तू माझं मरण चिमटी चिमटीने बाहेर काढत होतास आणि मी गाडीत फुगून बसले होते. त्या चहाचा एक घोट तरी घ्यायला हवा होता.

पण वश्या, चूक माझी होती. ती माझ्यापर्यंत पोचवायला हवी होती. बाबांनी तुला मुंगीसाठी चिंचेखाली बसवलं, ते काय तुझा भरवसा मोडायला? मला तिथेच गज दाखवून म्हणाला असतास, "ताई, बघ काय केलंस," तर मी आधी भांडले असते, तुला वेडा ठरवलं असतं, आणि घरी जाऊन रडले असते. मग डॉक्टरकडे गेले असते. बंदूक तुझ्या हातात देऊन म्हणाले असते, "यापुढे तू ठास, मी नुसता नेम धरते." इतकं सोपं होतं. आणि तू काय केलंस? सगळं ठरवून टाकलंस. माझी बंदूक वितळवलीस, माझी चूक लपवलीस, आणि रोज सकाळी आठला माझी परीक्षा घेत राहिलास. वार विचारत होतास! मी भावाशी बोलत होते आणि तू उत्तरं तपासत होतास. आता मला आपला एक एक फोन आठवून बघावा लागतो, की त्यात चौकशी किती आणि तपासणी किती. हा विश्वासघात आहे, बाळा. प्रेमाने केलास, म्हणून दुसरा शब्द कुठून आणू?

आणि लिहायचंच होतं, तर खरं लिहायचं होतंस. "माझ्या बहिणीला हवी आहे, पण मला तिची भीती वाटते." तो अर्ज मी स्वतः शुद्ध करून दिला असता.

मी ठाण्यात जाऊन आले. मुक्ताला घेऊन गेले. नवीनच मुन्शी होता, रजिस्टर उलटून म्हणाला, "माताजी, वो तो कब की गल गई." मी त्याला विचारणार होते, वितळताना कशी दिसली. पण ते पोर काय सांगणार.

गज मी द्वारकेला आणलाय. काल रविवार, मुक्ता गुरुग्रामहून मेट्रोने आली. आल्या आल्या तिने तो उचलला, "आत्या, इसको मराठी में क्या बोलते हैं?" मी गॅससमोर उभी राहून आमटी करत होते आणि तिला सांगत होते. दारू, चिंधी, गोळी, गज, टोपी. चिंचेखालची मुंगी सांगितली, डालड्याचा डबा सांगितला, तुझं भोकाडसुद्धा. पोरगी इतकी हसली! मग जेवायला बसलो. तिने पहिला घास घेतला आणि थांबली. एक क्षण तुझ्यासारखीच दिसली मला, पांढरी. मी म्हटलं, आता ही गिळणार, आणि म्हणणार, मस्त झालीये.

"आत्या," ती म्हणाली, "मीठ दोनदा पडलंय."

मी चमचाभर चाखली. पडलं होतं.

मी उठले, आमटी ओतून दिली आणि दुसरी डाळ लावली. मुक्ता ओट्याशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आम्ही दोघी तोंडातून शब्द न काढता उभ्या होतो. मीठ मी घातलं, तिने बघितलं. येत्या शनिवारी डॉक्टरकडे जायचं ठरलंय, तीच नेणार आहे.

बघितलंस, वश्या? असं सांगतात. तिने सांगितलं, मी ऐकलं, आणि मी काही मेले नाही.